खिंडीच्या अलीकडे

नाहूरला आमच्या इमारतीत हिमालयात जाऊन आलेले आता तिघे आहेत. मी, माझी बायको सुलभा आणि वॉचमन. वॉचमन तिथलाच असल्यामुळे त्याला कोणी धरत नाही. परत आल्यापासून लिफ्टमध्ये, दूधवाल्याकडे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये लोक विचारतात, "काय परब, कसं होतं वर?" आमचा मजला तिसरा. तिथे लिफ्ट पोचेपर्यंत "छान होतं" एवढंच सांगून होतं. म्हणून आता सविस्तर लिहायला बसलो आहे. ज्यांना जायचं आहे त्यांना याचा उपयोग होईल, आणि ज्यांना जायचं नाही त्यांना कारण मिळेल.

आधी माझ्याविषयी. मी छत्तीस वर्षं अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत, व्हॉल्व्हचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. तयार माल माझ्या टेबलावर यायचा, मी तो मायक्रोमीटरने मोजायचो, आणि मापात नसेल तर लाल चिठ्ठी लावायचो. माझी लाल चिठ्ठी लागलेला माल कधी गेटबाहेर गेला नाही. याबद्दल निरोप समारंभात मला मनगटी घड्याळ मिळालं. ते दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी एकदा गंमत म्हणून सुलभाच्या चपातीची जाडी व्हर्नियरने मोजली होती. गंमत आहे हे तिला तेव्हाही पटलं नव्हतं आणि अजून पटलेलं नाही.

आता सुलभाविषयी, कारण जायचं तिला होतं, मी नुसता बरोबर गेलो. तिचं माहेर कणकवलीच्या आत, घाटाच्या पायथ्याशी. अंगणात उभं राहिलं की समोर सह्याद्रीची भिंत. पलीकडे कोल्हापूर आहे हे तिला ठाऊक होतं, पण लग्न होईपर्यंत तिला कोणी पलीकडे नेलं नाही. मग ती नाहूरला आली. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तेव्हा नॅशनल पार्कचे डोंगर स्वच्छ दिसायचे. पहिल्याच आठवड्यात तिने मला विचारलं, "ह्या डोंगरापलीकडे काय आहे?" मी खरं ते सांगितलं. म्हटलं, बोरिवली.

त्यानंतर अडतीस वर्षं गेली. त्यातली अकरा वर्षं माझी आई अंथरुणावर होती आणि सुलभा दोन रात्रींच्या वर कधी घराबाहेर राहिली नाही. आई गेली त्याच वर्षी समोर टॉवर उभा राहिला आणि डोंगरही गेले. आता खिडकीतून एसीचे डबे दिसतात. एके दिवशी तिने फोन माझ्यापुढे धरला. पंचावन्नच्या पुढच्यांसाठी गाइडसह ट्रेक, हिमाचलात, चौदा हजार फुटांवरच्या एका खिंडीपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत.

"शिखर-बिखर मला नको," ती म्हणाली. "खिंड हवी. तिथे उभं राहिलं की पलीकडचं दिसतं. मला एकदा पलीकडचं बघायचं आहे."

मी वयाचा मुद्दा काढला. ती म्हणाली, "माझं बासष्ट आहे, मला माहीत आहे. तुमचं पासष्ट आहे हे तुम्ही लक्षात ठेवा." दुसऱ्या दिवसापासून ती पाठीवर पाच किलो तांदूळ घेऊन इमारतीचे सात मजले चढू-उतरू लागली. दुसऱ्या आठवड्यात पाचव्या मजल्यावरच्या एका बाईंनी तिला विचारलं, हा तांदूळ कोणत्या दुकानातून घरपोच मिळतो.

पायथ्याचं गाव

गणपती विसर्जन करून आम्ही निघालो. वाटेतल्या प्रवासाचं लिहीत नाही, त्यात बसण्याखेरीज काही नव्हतं. कुल्लूच्या पुढे चार तास जीपने गेल्यावर रस्ता संपला आणि आमचं गाव आलं. लाकडी घरं, स्लेटच्या दगडाची छपरं, आणि छपरांवर वाळत घातलेला मका. सफरचंदं इतकी की गाईसुद्धा त्यांच्याकडे बघत नव्हत्या.

आमची ट्रेक लीडर ऋचा नावाची सत्तावीस वर्षांची मुलगी. कुठली, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बोरिवली." सुलभाने तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. स्थानिक गाइड तेजराम, पन्नाशीचा, कमी बोलणारा. ट्रेकला आम्ही नऊ जण. त्यातले लक्षात ठेवायचे फक्त घाटकोपरचे किरीटभाई. वय एकसष्ट, गळ्यात भलीमोठी दुर्बीण, आणि दर अर्ध्या तासाने खाकरा पुढे करायची सवय. पहिल्या दिवशी मला त्यांचा राग आला होता. तिसऱ्या दिवसापासून मी खाकऱ्याची वाट पाहू लागलो.

आम्ही ज्यांच्या घरी उतरलो त्या बिमलाजींचं आणि सुलभाचं पहिल्याच संध्याकाळी जमलं. सुलभाने घरून कुळथाचं पीठ आणलं होतं. कोकणी माणूस घर सोडताना कुळथाचं पीठ घेतो, कुठे जातो आहे याने फरक पडत नाही. तिने पुरचुंडी सोडली. बिमलाजींनी चिमूट नाकाला लावली आणि म्हणाल्या, "ये तो कुल्थ है." आत जाऊन त्यांनी कुळथाचा डबाच आणून पुढे ठेवला.

"हम इसका पिठी करता है," सुलभा म्हणाली. तिची हिंदी मालवणीच्या अंगाने जाते. "लसूण, मिरची, और ऊपरसे कोकम."

"हम दाल बनाते हैं. पथरी में भी देते हैं."

सुलभा माझ्याकडे वळली. "बघा. मुतखड्यापर्यंत सगळं सारखं आहे."

आमच्याकडे तीन पिशव्यांत घट्ट बांधलेली सुकटीची चटणीही होती. तिच्याविषयी पहिल्यांदा एका कुत्र्याला कळलं आणि मग सगळ्यांना. तेजरामने सांगितलं की मासळी वर न्यायची नाही. खिंडीत जोगणी असते, वाटेची देवी. तिला मांस-मासळी चालत नाही आणि आरडाओरडाही चालत नाही. मी म्हणणार होतो की सुकट फारच थोडी आहे. पण सुलभाने ती तिथल्या तिथे काढून बिमलाजींच्या ओसरीतल्या कोनाड्यात ठेवली. "आमच्या गावात राखणदार देवाच्या वाटेवर हेच आहे," ती म्हणाली. "तिथे नियम पाळायचा आणि इथे नाही, असं कसं?" परत येईपर्यंत सहा दिवस ते कुत्रं त्या कोनाड्याखाली बसून होतं, असं नंतर कळलं.

जेवणाआधी ऋचाने एक छोटं यंत्र काढलं. चिमट्यासारखं असतं ते, बोटाला लावायचं. रक्तात प्राणवायू किती टक्के आहे ते त्यावर दिसतं. वर हवा विरळ, म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येकाचं बोट तपासून आकडा वहीत लिहायचा. मी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"याचं कॅलिब्रेशन कधी झालं आहे?"

"काका, हे ऑनलाइन मागवलंय."

"तपासणीचं स्टिकर नाही यावर."

"काका, चिल ना. ठीक चालतं ते."

मी तिला विचारलं की आणखी यंत्रं आहेत का. दोन होती. तिन्ही यंत्रं मी एकाच बोटाला आळीपाळीने पाच-पाच वेळा लावली. दोघांचं एकमत होतं, तिसरं दोन टक्के जास्त दाखवत होतं. तिसऱ्याला मी दोरा बांधून बाजूला काढलं. जेवण थांबलं होतं. ऋचाने वही आणि पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "काका, आजपासून रीडिंग तुम्हीच घ्या." माझ्या अनुभवाची कदर झाली असं मला वाटलं. ती जेवायला मिळावं म्हणून बोलली होती, हे मला परतीच्या वाटेवर किरीटभाईंनी सांगितलं.

नियम तिने सगळ्यांसमोर सांगितला. शेवटच्या तळावर ज्याचा आकडा ऐंशीच्या खाली, तो खिंडीत जाणार नाही. कोणी कितीही धट्टाकट्टा दिसो.

देवदार, कुरण आणि चेन

पहिले दोन दिवस देवदारांतून चढ होता. देवदाराखाली ऊन पोचत नाही आणि आवाजही कमी होतो, नऊ मुंबईकर एकत्र असूनही. सुलभा सगळ्यांच्या मागे, एकसारख्या चालीने चालत होती. थांबत नव्हती, बोलत नव्हती. मी पुढे धावायचो, धापा टाकत थांबायचो, ती मला गाठून पुढे जायची. असं दिवसातून आठ-दहा वेळा झालं.

झाडं संपली आणि कुरण लागलं. तिथे मेंढ्या घेऊन उतरणारा एक गद्दी म्हातारा भेटला. हे लोक उन्हाळाभर कळप घेऊन वर राहतात. त्याने मला वय विचारलं. मी जरा ताठ उभा राहून सांगितलं, पासष्ट. तो म्हणाला, माझं बहात्तर. त्याच्या खांद्यावर एक मेंढी होती आणि ती चांगली मोठी होती. पाय दुखतो म्हणून तिला उचललं आहे, असं त्याने सांगितलं. माझाही दुखत होता, पण तो विषय मी काढला नाही.

तिसऱ्या दिवशीचा तळ त्या कुरणाच्या वरच्या टोकाला होता. इथलं शौचालय म्हणजे खड्ड्यावर उभारलेला उंच, अरुंद तंबू. संध्याकाळी मी आत असताना त्याची चेन अडकली. बाहेर सूप वाढल्याचा आवाज येत होता. हाक मारावी तर कोणत्या शब्दांत मारावी हे ठरत नव्हतं. मी चेनचे दात तपासले. अकराव्या दाताला बारीक कपडा अडकला होता, पण तो बाहेरच्या बाजूने. साधारण अर्ध्या तासाने किरीटभाई आले आणि त्यांनी मला सोडवलं. तंबूत शिरल्यावर सुलभा म्हणाली, "चेन पास झाली का?" त्या संध्याकाळी तिचा आकडा अठ्ठ्याऐंशी होता, माझा शहाऐंशी. वहीत तसं लिहिताना मला थोडं जड गेलं.

शेवटचा तळ

चौथ्या दिवशी आम्ही बारा हजार फुटांच्या वर पोचलो. गवत संपलं, दगड सुरू झाले. समोर खिंड दिसत होती, दोन काळ्या कड्यांमधली एक पांढरी कमान. सुलभा तिच्याकडे बघत एका दगडावर बसली ती उठेचना. दृश्य बघते आहे असं मला वाटलं. जेवायला तिने नको म्हटलं. डोकं थोडं जड आहे म्हणाली.

संध्याकाळी मी वही घेऊन तंबूतंबूत फिरलो. किरीटभाई त्र्याऐंशी. मी चौऱ्याऐंशी. सुलभाच्या बोटाला यंत्र लावलं आणि आकडा आला चौऱ्याहत्तर.

मी दुसरं यंत्र लावलं. चौऱ्याहत्तर. गार बोटांवर आकडा कमी येतो, म्हणून तिचे हात काखेत धरून गरम केले. पंच्याहत्तर, आणि लगेच परत चौऱ्याहत्तर. तिच्या नखांवर गणपतीत लावलेलं नेलपॉलिश होतं. त्यानेही यंत्र फसतं, असं ऋचाने सांगितलं होतं. मला हायसं वाटलं. चाकूच्या पात्याने मी ते दहाही नखांवरून खरवडलं. ती शांतपणे एकेक बोट पुढे करत होती. मग यंत्र लावलं आणि आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो. त्र्याहत्तर, चौऱ्याहत्तर, चौऱ्याहत्तर.

"एक्याऐंशी लिहा," सुलभा म्हणाली.

मी यंत्र तिच्या बोटावरून काढून पुसू लागलो.

"मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे. आईंचं केलं, तेव्हासुद्धा नाही. उद्या चार तास चढायचं आहे, मी हळूहळू चढेन. एक आकडा लिहा फक्त."

ती खरं बोलत होती. तिने कधी काही मागितलं नव्हतं, आणि मीही कधी आपणहून काही दिलं नव्हतं. मला तिची एवढी दया आली आणि स्वतःची एवढी लाज वाटली की मी पेन उघडलं आणि एक्याऐंशी लिहिलं. वही ऋचाला दिली. तिने आकडे पाहिले आणि म्हणाली, "ग्रेट, सगळे फिट." माझ्या हातून मापाबाहेरचा माल पहिल्यांदाच पास झाला होता.

मला झोप लागली नाही. सुलभा कशी श्वास घेते ते ऐकत पडलो. पहाटे उठून बूट घालताना ती नाडी बांधू लागली. एकदा गाठ सुटली, दुसऱ्यांदा सुटली. तिसऱ्यांदा तिने दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि ते तिच्या लक्षातच आलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली, "झालं, चला."

मी बाहेर जाऊन ऋचाकडून वही मागून घेतली. चुकलेली नोंद दुरुस्त करायची आमच्या खात्यात एक पद्धत असते. पूर्ण खोडायची नाही. एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा आकडा आणि सही. मी एक्याऐंशीवर रेघ मारली, चौऱ्याहत्तर लिहिलं, सही केली आणि वही तिच्यापुढे धरली. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "थँक यू काका," आणि तडक आमच्या तंबूकडे गेली. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ठरलं ते असं. सुलभाने ऊन येईपर्यंत पडून राहायचं, औषध घ्यायचं, आणि तेजरामबरोबर कुरणावरच्या तळावर उतरायचं. दोन हजार फूट खाली गेलं की बरं वाटेल. बाकीच्यांनी खिंड करून दुपारी तिथेच यायचं. मी अर्थात सुलभाबरोबर जाणार होतो.

सुलभा तंबूच्या दारात बसली होती. नाड्या ऋचाने सोडवून दिल्या होत्या. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही वर जा," ती म्हणाली.

"मी तुला सोडून कसा जाऊ?"

"तेजराम आहे. जा म्हणते ना."

"सुलभा, मला—"

"जा."

मी गेलो. तिला माझं तोंड बघायचं नव्हतं, आणि यात तिची काही चूक नव्हती.

खिंड

त्या चढाचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण मी सगळा वेळ खाली, पायांकडे बघत होतो. दगड, मग बारीक खडी, मग जुना बर्फ, त्यात पुढच्या माणसाच्या पायांचे ठसे. दहा पावलं आणि थांबा, दहा पावलं आणि थांबा. मला माझा राग येत होता, आकडा लिहिला म्हणूनही आणि खोडला म्हणूनही. हवा इतकी स्वच्छ होती की वैताग यावा. ढग असते, काही दिसलं नसतं, तर माझं काम सोपं झालं असतं. आकाशात चिमूटभरही ढग नव्हता.

नऊच्या सुमारास पुढच्यांचे आवाज यायला लागले. जोगणीला आरडाओरडा चालत नाही हे ते विसरले होते. वर झेंडे फडफडताना दिसत होते, दगडांची रास दिसत होती. किरीटभाई कडेला उभे राहून पलीकडे बघत होते. त्यांचा हात हवेत तसाच राहिला होता आणि हातात खाकरा होता.

मी थांबलो. समोरची पावलं मोजली. वीस.

ऋचा खाली आली. "काका, थकलात? फक्त वीस स्टेप्स. चला, मी हात देते."

"थकलो नाही."

"मग?"

"मी इथेच बसतो."

तिने माझं बोट मागितलं आणि यंत्र लावलं. ब्याऐंशी. यंत्राप्रमाणे माझ्यात काही दोष नव्हता. "काका, पलीकडे काय दिसतंय माहितीये का तुम्हाला?" ती म्हणाली. मी म्हणालो, "सांगू नकोस." जे सुलभाला बघायचं होतं, आणि जे मी तिला बघू दिलं नाही, ते मी तिच्याआधी बघणार नव्हतो. हे मी ऋचाला सांगितलं नाही. एवढं बोलायला हवा पुरत नव्हती.

मी खिंडीकडे पाठ करून एका दगडावर बसलो. थोड्या वेळाने किरीटभाई खाली आले, म्हणाले, "परबभाई, एकदम जबरदस्त आहे हां," आणि मी वळत नाही असं बघून त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात घातली. मी ती डोळ्यांना लावली आणि खाली बघू लागलो.

"परबभाई," किरीटभाई अजिजीने म्हणाले, "व्ह्यू त्या बाजूला आहे."

मी मान हलवली आणि खालीच बघत राहिलो. पाऊण तास ते सगळे वर होते आणि मी वीस पावलं अलीकडे.

परत कुरणावर

दुपारी कुरणाच्या तळावर पोचलो तेव्हा सुलभा उन्हात चटईवर बसली होती. चेहऱ्यावर रंग आला होता. मी आधी यंत्र मागितलं. सत्त्याऐंशी. मग दुसरं यंत्र. सत्त्याऐंशी. मी तिच्यासमोर खाली बसलो.

सगळे तिच्याभोवती जमले. काय दिसलं असं तिने विचारलं, तर एकेक जण म्हणाला, जबरदस्त. किरीटभाईंनी फोन पुढे केला. "सुलभाबेन, बघा, एकदम कॅलेंडर."

"राहू द्या," ती म्हणाली. "फोटो नको." तिने कपातला चहा बशीत ओतून बशी माझ्यापुढे सरकवली, पदर सारखा केला आणि मांडी घालून बसली. माझ्याकडे सरळ बघत म्हणाली, "हं. आता सांगा. डावीकडून सुरू करा."

"मी पाहिलं नाही," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"वीस पावलं आधी बसलो. तू बघितलं नाहीस, म्हणून मीपण बघितलं नाही."

तिला हे ऐकून भरून येईल अशी माझी समजूत होती. तिचे डोळे मोठे झाले.

"मेल्या," ती म्हणाली, "मग माका आता कोण सांगतलो?"

अडतीस वर्षांत सुलभा मला पहिल्यांदा अरे-तुरे करत होती, आणि तेही घाटकोपर, बोरिवली आणि हिमाचल प्रदेशासमोर. "तुका कित्याक धाडलंय मी वर? हवा खाऊक? एक आकडो खोटो लिवलंस तर रात्रभर झोपाक नाय तू. म्हणान तुका धाडलंय. ह्या सगळ्यांका इचारलंय मी, काय दिसलां. जबरदस्त दिसलां. कॅलेंडर दिसलां. तू बघतलंस तर किती डोंगर, खंयचो मोठो, नदी खंयसून जाता, सगळां बरोब्बर सांगतलंस. तुझ्या डोळ्यांनी बघतलंय म्हणान मी गप खाली उतरलंय. आणि तू पाठ करून बसलंस?"

किरीटभाईंनी फोन खिशात ठेवला. तिने मला का पाठवलं हे मला आत्ता कळलं, आणि पावलं वीसच होती. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सोपं इन्स्पेक्शन मी त्यागाच्या भरात घालवलं होतं. मला रडू आलं. ते थंडीने नव्हतं.

चहा गार झाला. लोक एकेक करून उठून आपापल्या तंबूंकडे गेले. मग तिने तो चहा परत कपात ओतला आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "मग एवढा वेळ तिथे बसून काय केलंत?"

"किरीटभाईंच्या दुर्बिणीतून खाली बघत होतो."

"खाली काय होतं?"

"तू होतीस," मी म्हणालो. "लाल विंडचीटर. नऊ वाजून दहा मिनिटांनी तू आणि तेजराम तळावरून निघालात. तेजराम डावीकडे, तू उजवीकडे. पहिल्या वळणावर तू काठी त्याच्याकडे दिलीस. मोठ्या दगडापाशी बसलीस, साडेतीन मिनिटं. मग ओढा आला, तिथे त्याने हात पुढे केला, तू घेतला नाहीस. दोन दगडांवरून आपणच गेलीस. नंतर उतार कमी झाला तशी तुझी चाल सुधारली. दोनदा मागे वळून वर बघितलंस. मी हात केला, पण तुला दिसणं शक्य नव्हतं. तोपर्यंत तू अकरा वेळा थांबली होतीस."

ती खाली बघत चटईच्या काड्या सरळ करत होती.

"बारा," ती म्हणाली. "ओढ्याच्या अलीकडे एकदा टेकले होते, दरडीच्या आड. ते तुम्हाला दिसलं नसेल."

"नाही दिसलं."

तिने कप माझ्या हातात दिला आणि पाय लांब केले.

"पुढचं सांग," ती म्हणाली.